फुप्फुसं आळशी होत नाहीत हो! श्वासाच्या मशीनबद्दल फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

तो मेसेज तुम्हालाही आला असणार. मला तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला आणि चौथ्यांदा खुद्द मामांनी पाठवला, वर "वाच, आणि तुझंही बंद कर" अशी सूचना. मामांना दोन महिन्यांपूर्वी स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) निघाला, मशीन आलं, आणि बाराव्या दिवशी ते कपाटात गेलं. कारण काय तर हा मेसेज. म्हणजे निमित्त मेसेजचं, खरं कारण वेगळं होतं, त्यावर येतोच.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा आहे. घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण. स्लीप ॲप्निया जाड माणसांना होतो, वजन उतरवलं की जातो. डॉक्टर जे सीपॅप मशीन गळ्यात मारतात ते ऑक्सिजन देतं, त्यामुळे फुप्फुसं आळशी होतात आणि एकदा लावलं की जन्मभर सुटत नाही. रात्री लाईट गेली तर माणूस मास्कमध्ये गुदमरतो. त्यातल्या फोमने कॅन्सर होतो म्हणून कंपनीनेच मशीनं परत घेतली. मोठ्या संशोधनात हार्टला काडीचा फायदा दिसला नाही. त्यापेक्षा तोंडाला टेप लावा आणि डाव्या कुशीवर झोपा. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी डॉक्टर नाही. सहा वर्षं हे मशीन लावून झोपतोय, त्याच्या भानगडी सगळ्या भोगून झाल्यात आणि भोगता भोगता वाचलंय बरंच. आणि आधीच कबूल करतो की या मेसेजमधल्या तीनेक गोष्टींत खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो चालतो, सगळाच थापा असता तर मामांसारखा खमका माणूस फसला नसता.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा पहिला मुद्दा. हे तर सरळ उलटं आहे. झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात, ज्यांची वाट रुंद त्यांना काही फरक पडत नाही, ज्यांची अरुंद त्यांची जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि उरलेल्या फटीतून हवा जाताना जे फडफडतं ते घोरणं. आता प्रत्येक घोरणाऱ्याला ॲप्निया असतोच असं नाही, नुसते घोरणारेही पुष्कळ. पण ती फट पूर्ण बंद झाली की घोरणंही थांबतं आणि खरी भानगड त्या शांततेत असते. छाती वरखाली होत असते पण हवा आत जात नसते. असं किमान दहा सेकंद झालं की एक ॲप्निया धरतात, आणि हवा पूर्ण न थांबता बरीच कमी झाली, त्याने रक्तातला ऑक्सिजन घसरला किंवा झोप चाळवली तर त्याला हायपॉप्निया म्हणतात. दोन्ही मिळून तासाला किती वेळा झालं तो आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. माझा आला होता ४१. म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा, रात्रभर.

आमची ही कितीतरी दिवस सांगत होती की तू मध्येच गप्प होतोस आणि मग एकदम गचका बसल्यासारखा श्वास घेतोस, मी मोजत बसते. मी म्हणायचो तुझी झोप नीट होत नाही म्हणून तुला भास होतात! (आजही ऐकून घेतो यावरून.) माझंही चुकलं नव्हतं म्हणा, कारण ज्याला होतं त्याला कळतच नाही. मेंदू दरवेळी दोन-चार सेकंद जागा होतो, घसा उघडतो, परत झोपतो, सकाळी यातलं काहीही आठवत नाही. राहतं ते फक्त जड डोकं, कोरडं तोंड आणि आठ तास झोपूनही दुपारी पेंग. एकदा सिग्नलला गाडीतच डोळा लागला, मागच्याने हॉर्न मारला तेव्हा जाग आली, त्यानंतर गेलो स्लीप स्टडीला, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीला.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं. मला वाटायचं प्रोस्टेट. घसा बंद असताना छाती जोरात ओढ घेते तेव्हा हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं, हृदयाचा समज होतो की अंगात पाणी जास्त झालंय, मग ते किडनीला पाणी बाहेर टाकायला लावणारं हार्मोन सोडतं. मशीन लावल्यावर सगळ्यात आधी बंद झालं ते हे उठणं, पहिल्याच आठवड्यात. गाढ झोप म्हणे.

दुसरा मुद्दा वजनाचा. हा अर्धा खरा आहे. चरबी गळ्याभोवती साठते तशी जिभेतही साठते, वजन उतरलं की वाट मोकळी होते, यात वाद नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लोकांच्या झोपेची वर्षानुवर्षं पाहणी झाली, त्यातून २००० साली आलेला हिशेब असा की वजन १० टक्क्यांनी उतरलं तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरतो. आता माझ्या ४१ मधून २६ टक्के वजा करा, ३० उरतात. म्हणजे एवढा घाम गाळून मी गंभीरच्या उंबरठ्यावरच उभा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणा असलेल्या मध्यम आणि गंभीर ॲप्नियाच्या लोकांसाठी मंजूर झालं, या आजारासाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध, चांगलीच गोष्ट आहे. पण वजन उतरायला महिने लागतात आणि रात्र मात्र रोज येते, शिवाय ज्याची झोपच होत नाही त्याला भूक जास्त लागते आणि व्यायामाला अंगात त्राण नसतं, त्यामुळे आधी वजन मग उपचार हा क्रमच मुळात गंडलेला आहे, दोन्ही बरोबर चालू द्या की.

आणि बारीक माणसांचं काय? खालचा जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, घशाची ठेवणच अरुंद असेल तर काटकुळ्या माणसालाही होतो. बायकांना पाळी गेल्यानंतर धोका वाढतो आणि त्या घोरण्याची तक्रार करतच नाहीत, थकवा सांगतात, झोप लागत नाही म्हणतात, उदास वाटतं म्हणतात, मग भलत्याच गोष्टींच्या गोळ्या सुरू होतात. मजा म्हणजे आमचे मामा ५८ किलोचे आहेत. जाड माणसांचा आजार हे वाक्य वाचून त्यांनी मान कशी डोलावली देव जाणे.

आता मुख्य मुद्दा, फुप्फुसं आळशी होतात आणि सवय लागते. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

पहिलं म्हणजे सीपॅप ऑक्सिजन देत नाही. खोलीत जी हवा आहे तीच, २१ टक्के ऑक्सिजनवाली, फिल्टरमधून ओढून थोड्या दाबाने सोडतं, बस. दुसरं म्हणजे ते तुमच्या वतीने श्वास घेत नाही. आयसीयूतलं व्हेंटिलेटर वेगळं. इथे श्वास आत घ्यायचं काम तुमच्याच छातीने, तुमच्याच छातीखालच्या पडद्याने करायचं असतं, मशीन फक्त घशाची वाट आतून फुगवून उघडी ठेवतं. किती दाबाने? बहुतेक मशीनं ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबात चालतात, माझं ११ च्या आसपास असतं. हे किती ते बघायचं असेल तर ग्लासात ११ सेंटीमीटर खोल स्ट्रॉ बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा, तेवढाच जोर. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब याच मापात हजाराच्या वर असतो, म्हणजे मशीन त्यात एखाद टक्क्याची भर घालतं. एवढ्याने फुप्फुसं आळशी व्हायची असती तर बुडबुडे काढणारी सगळी पोरं आळशी झाली असती.

हे मशीन कुठून आलं तेही ऐका. १९८० पर्यंत गंभीर ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला समोरून भोक पाडून नळी बसवायची, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरसारख्या ब्लोअरची हवा उलटी, नाकावाटे आत सोडून बघितली आणि १९८१ मध्ये पाच पेशंटवरचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले. गळ्याला भोक की नाकावर मास्क, अशी ती निवड होती. आज आपण मास्कचा पट्टा गालाला रुततो म्हणून कुरकुरतो! (मी पण कुरकुरतो, रुततोच तो.)

मग "सुटत नाही" त्याचं काय? मशीन बंद केलं की ॲप्निया परत येतो हे खरं आहे, बहुतेकांना एक-दोन रात्रींतच परत येतो. पण तो मशीनमुळे आलेला नसतो, आधीचाच असतो. छपराला दिलेला टेकू काढला आणि छप्पर खाली आलं तर टेकूने छपराला सवय लावली असं कोणी म्हणत नाही. लोकांना जी सवय वाटते ती खरं म्हणजे वेगळीच गोष्ट आहे, महिनाभर नीट झोप मिळाल्यावर एका रात्री मशीन नसेल तर दुसऱ्या दिवशी इतकं वाईट वाटतं की वाटतं आपण व्यसनी झालो. पूर्वीही रोज असंच वाटत होतं, फक्त तुलना करायला चांगला दिवस नव्हता.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही लोकांत घसा बंद होत नाही, मेंदूकडून श्वासाचा निरोपच येत नाही, त्याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात आणि तिथे साधं सीपॅप पुरतंच असं नाही. आणि काहींना मशीन सुरू केल्यावर असे सेंट्रल प्रकार दिसायला लागतात, बरेचदा ते काही आठवड्यांत आपोआप कमी होतात पण मशीनच्या रिपोर्टमध्ये दिसले तर डॉक्टरला दाखवायचे, स्वतः प्रेशर फिरवत बसायचं नाही.

तर मामा. मी त्यांना फोन केला आणि फुप्फुसाचा विषयच काढला नाही, नुसतं विचारलं, मामा, रात्री नक्की काय होतं? तर हळूहळू एकेक बाहेर आलं. "अरे पोट फुगतं ढोलासारखं. डोळ्यात वारा येतो. नाक सुकून जातं. आणि मामी म्हणते फुस्स फुस्स आवाज येतो त्याचा." झालं. खरं कारण हे. मेसेजने त्यांना सोडायला फक्त एक सभ्य कारण पुरवलं.

आणि हे सगळं मलाही झालंय. पहिली रात्र मी चाळीस मिनिटं टिकलो, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटून मास्क ओढून फेकला. मग कोणीतरी सांगितलं की झोपताना लावायच्या आधी दिवसा लाव, संध्याकाळी बसल्या बसल्या टीव्ही बघताना, आधी नुसता मास्क, मग हवा सुरू करून. चार-पाच दिवस तसं केलं, माकड दिसत होतो पण भीती गेली. मग रॅम्प नावाचं सेटिंग असतं हे कळलं, म्हणजे हवा कमी दाबाने सुरू होते आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढते, शिवाय श्वास सोडताना दाब थोडा कमी करायचीही सोय बहुतेक मशीनमध्ये असते, नाहीतर वाऱ्याविरुद्ध श्वास सोडतोय असं वाटत राहतं.

डोळ्यात वारा येतो म्हणजे मास्क वरून गळतोय. आपण काय करतो, पट्टे अजून आवळतो, त्याने मास्कची कड दबते आणि आणखी गळतं. मास्कची सिलिकॉनची कड हवेने फुगून चेहऱ्यावर बसायची असते, आवळून नाही, म्हणून पट्टे हवा चालू असताना आणि झोपलेल्या स्थितीत जुळवायचे, बसून नाही. सगळं करून गळत असेल तर साइज चुकलाय किंवा प्रकार. नाकपुड्यांवर टेकणारा छोटा, नाक झाकणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे प्रकार येतात. तोंडाने श्वास घेणाऱ्याला नाकाचा मास्क दिला तर हवा नाकातून जाऊन तोंडातून बाहेर पडणार आणि सकाळी घसा वाळवंट. नाक सुकणं यावर ह्युमिडिफायर आहे, मशीनच्या कडेला पाण्याची टाकी असते ती, बऱ्याच जणांची रिकामीच असते. त्यात डिस्टिल्ड पाणी घालायचं आणि रोज बदलायचं. उष्णता फार वाढवली तर नळीत पाणी साठून नाकावर टपटपतं, थंडीत मला रात्री दोन वाजता अशी आंघोळ झालीये, तेव्हा नळी पांघरुणाखाली घ्या किंवा गरम राहणारी नळी मिळते ती घ्या.

पोट फुगणं म्हणजे हवा गिळली जातेय. प्रेशर जास्त असेल, तोंडातून गळती असेल, किंवा नाक चोंदलेलं असेल तर होतं. उशी थोडी उंच करून, नाकाचा इलाज करून बघतात, नाहीतर डॉक्टर प्रेशर कमी करून देतात किंवा आपोआप दाब बदलणारं मशीन देतात. सांगायचं एवढंच की यातली एकही तक्रार फुप्फुसाची नाहीये. नाक, चेहरा आणि सेटिंग. पण मशीन हातात देताना हे वीस मिनिटं बसून सांगणारं कोणी भेटत नाही, मला भेटलं नाही, मामांनाही नाही, आणि मग मेसेज भेटतो.

लाईट जाण्याचा मुद्दा पटकन उरकतो. मास्कला बारीक भोकं असतात, सोडलेली हवा बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला तर एक झडप असते जी हवेचा दाब गेला की उघडते आणि बाहेरची हवा आत येते. मशीन बंद पडलं की श्वास कोंदट वाटतो, जाग येते, आपण मास्क काढतो. गुदमरून मेलेला माणूस मेसेजवाल्याने कुठे बघितला माहीत नाही.

फोमचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो थापांच्या ढिगात टाकल्यामुळे मला जास्त राग येतो. जून २०२१ मध्ये फिलिप्सने जगभरातली लाखो मशीनं परत मागवली, कारण आवाज दाबायला आत बसवलेला पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि रसायनं श्वासात जाण्याची शक्यता होती. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला सगळ्यात गंभीर वर्गात टाकलं. म्हणजे गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हतीच. पण ती एका कंपनीच्या ठराविक मशीनची गोष्ट होती, सगळ्या सीपॅपची नाही, आणि नंतर कॅनडा आणि फ्रान्समध्ये हजारो पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा ती मशीनं वापरणाऱ्यांत दुसऱ्या कंपन्यांची वापरणाऱ्यांपेक्षा जास्त कॅन्सर आढळला नाही. तुमचं मशीन जुनं असेल, कोणाकडून वापरलेलं घेतलं असेल तर त्यावरचा सिरीयल नंबर जरूर तपासा. आणि ओझोनने मशीन साफ करणारी उपकरणं मिळतात ती लांब ठेवा, साधा साबण आणि कोमट पाणी मास्क-नळीला पुरतं.

हार्टचा मुद्दा. हाही हवेतून आलेला नाही. २०१६ मध्ये सेव्ह नावाची मोठी चाचणी छापून आली, २७१७ माणसं, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेली, अर्ध्यांना सीपॅप आणि अर्ध्यांना नाही. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरेत फरक पडला नाही. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण त्याच चाचणीत मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं गेलं होतं, आणि ज्यांना दिवसा फार झोप येते किंवा ज्यांचा ऑक्सिजन फारच घसरतो त्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं, म्हणजे माझ्यासारखे बाहेरच. आणि त्याच चाचणीत दिवसाची झोप कमी झाली, मूड सुधारला, रोजचं जगणं सुधारलं, ते मेसेजमध्ये गाळलंय. मी स्वतः कोणाला "मशीन लावा, हार्ट अटॅक टळेल" असं सांगत नाही, ते तसं सिद्ध झालेलं नाही. मी सांगतो स्टिअरिंगवर डोळा लागणार नाही. मला तेवढं पुरलं.

राहिला मेसेजमधला उपाय. कुशीवर झोपणं चांगलंच, कारण पाठीवर झोपलं की जीभ सरळ मागे पडते, बऱ्याच लोकांचा ॲप्निया उताणं झोपल्यावरच वाढतो आणि काहींचं तर नुसत्या कुशीनेच भागतं, पण ते स्लीप स्टडीत कळतं, अंदाजाने नाही. डावीच कुस हवी असं काही नाही. रात्रीची दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र घसा आणखी सैल करतात, ते मेसेजमध्ये नाही बघा. सौम्य-मध्यम असेल तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण मिळतं, तेही मेसेजमध्ये नाही.

तोंडाला टेप? घसा बंद होतोय, नाक चोंदलंय आणि वरून तोंडही चिकटवायचं? ही सूचना ज्याने केली त्याने आधी नाकाला चिमटा लावून स्वतः करून बघावी.

यापेक्षा डिजेरिडू बरं. हसू नका, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं ते लांबलचक लाकडी वाद्य, २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी २५ जणांवर प्रयोग केला, काहींना चार महिने ते वाजवायला लावलं, घशाचे स्नायू कसले गेले आणि मध्यम ॲप्नियात खरंच फरक पडला, २०१७ मध्ये त्याला गमतीचं इग नोबेलही मिळालं. माझ्या ४१ ला ते पुरलं नसतं आणि शेजाऱ्यांनी घर खाली करायला लावलं असतं, पण निदान मोजून तरी बघितलेलं आहे.

मामांचं मशीन परवा कपाटातून बाहेर आलं. त्यातल्या कार्डवरचा रिपोर्ट काढला तर गळती भरमसाट, मास्क लार्ज दिलेला आणि चेहरा मामांचा. मीडियम बदलून मिळाला, टाकीत पाणी भरलं, प्रेशरसाठी डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. काल पहिली रात्र, पावणेतीन तास. सकाळी फोनवर म्हणाले, "पोट जरा कमी फुगलं." मेसेजबद्दल काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.